दोन स्क्रीन आणि एक खिडकी

दोघं घर बघायला गेली तेव्हा नवऱ्याने सगळे नळ सोडून पाहिले, दारांच्या कड्या लावून-काढून पाहिल्या आणि विजेच्या मीटरसमोर चांगली पाच मिनिटं उभा राहिला. ती मात्र तडक पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी गेली. पर्समधून तिने दोन रिळं काढली, प्रत्येकातून वीतभर दोरा ओढला आणि दोन्ही दोरे हात लांब करून उजेडात धरले. एक काळा होता, एक गडद निळा. घरमालक तिच्याकडे आणि तिच्या नवऱ्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

"घेऊ या," ती म्हणाली.

"अगं, स्वयंपाकघर तरी बघ!"

"ते काय, जन्मभर बघायचंच आहे आता."

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली.

रफू करणाऱ्याला उजेड लागतो, आणि तो कसलाही चालत नाही. ऊन थेट कापडावर आलं की डोळे दिपतात. बल्ब पिवळा, ट्यूब निळसर. रंगाच्या बाबतीत दोन्ही लबाड. उत्तरेच्या खिडकीतून येणारा थंड, एकसारखा उजेड तेवढा खरा. तिच्या मावशीने तिला हे काम शिकवलं, त्याच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की काळा आणि गडद निळा हातभर अंतरावरून वेगळे दिसले तर बसायचं, नाही तर उठायचं. त्या खिडकीपाशी चार फुटी टेबल मांडून ती बसली ती सव्वीस वर्षं बसली. समोर खिडकी, उजव्या हाताला दोऱ्यांची पत्र्याची पेटी, मधे जळका कोट, कुरतडलेली शाल, कुठे दाराच्या खिळ्याला अडकून फाटलेली पँट.

काम चौकातल्या लाँड्रीवाल्याकडून यायचं. तो तिला सुईबाई म्हणायचा, आणि त्याचं ऐकून सगळी गल्ली सुईबाई म्हणायला लागली. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून ती धागे काढायची आणि भोकावर उभे-आडवे विणत जायची. काम झालं की भोक कुठे होतं ते तिलाच शोधावं लागायचं. एकदा एक गृहस्थ लाँड्रीत येऊन भांडला, की पैसे घेतले आणि कामच केलं नाही, हा कोट दुसऱ्याच कुणाचा आहे, माझ्या कोटाला भोक होतं! लाँड्रीवाला ती गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. सव्वीस वर्षांत तिचं एकही काम परत आलं नव्हतं.

घरात मात्र त्याला काम असं कुणी म्हटलं नाही. नवरा कामावर जायचा. ती 'सुईचं घेऊन बसायची'. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ती स्वतःसुद्धा तसंच म्हणायची.

नवऱ्याचं काम म्हणजे पाण्याच्या पंपिंग स्टेशनची कंट्रोल रूम. भिंतभर पॅनेल, त्यावर बावीस डायल, आणि समोर खुर्चीत हा. एकतीस वर्षं. तिथे त्याला पॅनेलवाले म्हणत. काटा लाल रेघेपाशी आला की उठायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, वहीत वेळ लिहायची, पुन्हा बसायचं. बाकी सगळा वेळ नुसतं बघणं. "बघणं हेच काम आहे," तो सांगायचा. "उठायला कुणीही उठतं."

मग स्टेशन मुख्य कचेरीतून कॉम्प्युटरवर चालायला लागलं. पॅनेल निघालं आणि त्याच महिन्यात पॅनेलवालेही निघाले, ठरल्यापेक्षा तीन वर्षं आधी, हातात एकरकमी पैसे आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन.

त्यानंतरचे पाच महिने तो घरीच होता. तो सकाळी सात वाजता दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचा आणि मग सोफ्यावर बसायचा. बघायला काही नाही म्हणून फ्रिजकडे बघायचा. एके दिवशी कॅलेंडरच्या मागे तिला त्याच्या बारीक अक्षरात एक तक्ता सापडला: फ्रिज किती वाजता चालू झाला, किती वाजता बंद पडला. नऊ दिवसांचा.

"दर अठरा मिनिटांनी लागतोय," तो म्हणाला. "आधी वीस होती. रबर सैल झालंय."

ती हसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिली.

म्हणून त्याने शेअरबाजाराच्या सहा आठवड्यांच्या वर्गात नाव घातलं तेव्हा तिला बरंच वाटलं. तो रोज वही घेऊन जायचा. परत आल्यावर जेवताना बोलायचा. आलेख, पट्टे, वर-खाली. तिला एवढंच कळलं, की पुन्हा काटे आहेत, पुन्हा लाल रेघ आहे, आणि हा पुन्हा खुर्चीत ताठ बसणार आहे. पैसे थोडेच घालायचे होते, तेवढी समज त्याला होती. घरीच ऑफिस करायचं, म्हणाला. नणंदेच्या मुलाने जुना कॉम्प्युटर दिला होता. स्क्रीन तेवढे घ्यायचे होते.

"तीन लागतील," तो म्हणाला. "एकावर बाजार, एकावर आलेख, एकावर ऑर्डरी."

"आणि ठेवणार कुठे?"

"कुठे म्हणजे? खिडकीपाशी. प्लग तिथेच आहेत, टेबल तिथेच आहे."

तिच्या हातातला घास थांबला. त्याला दिसलं नाही.

"तुझं काय, सुईचं कुठेही बसून होतं," तो म्हणाला, आणि मीठ मागितलं.

ते कुठेही बसून होत नव्हतं. आतल्या खोलीची खिडकी चार हातांवरच्या शेजारच्या भिंतीत उघडायची. स्वयंपाकघराची जिन्याच्या बोळात. ही एकच खिडकी होती. पण ते सांगायचं म्हणजे आधी, मी करते ते काम आहे, असं म्हणायला हवं होतं, आणि ते वाक्य तिने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. आणि समोर बसलेला माणूस पाच महिन्यांत पहिल्यांदाच भाजी परत मागत होता.

तळमजल्यावर राहणारी नणंद रोज चार वाजता चहाला वर यायची. नवऱ्याहून सात वर्षांनी मोठी. बोलणं सुरीसारखं, पण सुरी स्वच्छ.

"काय गं, ऐकलं ते खरं का? ऑफिस काढतोय म्हणे भाऊ माझा."

"हो, वन्सं."

"बरं झालं. आमच्या फ्रिजवर नजर ठेवायला खाली येणार होता परवा. आणि तू कुठे बसणार?"

"बघू."

"बघायचं काय त्यात? चार भोकं बुजवायची, त्याला खिडकी कशाला लागते? मी तर डोळे मिटून बटण लावते."

"ते दिसतं, वन्सं," ती म्हणाली. नणंदेने स्वतःच्या ब्लाउजकडे पाहिलं आणि मोठ्याने हसली. बटण खरंच वाकडं होतं.

नवऱ्याने तक्ता केला. पंपिंग स्टेशनच्या वहीत करायचा तसाच, पट्टीने रेघा मारून. ठरवलेले पैसे पंचवीस हजार, त्यावर एक छदाम नाही. नवे तीन स्क्रीन त्यात बसत नव्हते. शिवाय कॉम्प्युटरला मागे जोडायच्या जागा दोनच होत्या, तिसऱ्यासाठी आत वेगळं कार्ड बसवावं लागणार होतं. तेव्हा दोन मार्ग उरले. एक, त्रेचाळीस इंची टीव्ही घ्यायचा आणि तोच स्क्रीन म्हणून वापरायचा: चार कोपऱ्यांत चार आलेख, भिंतीवर टांगला की झालं. दुसरा, कुठल्याशा ऑफिसातून निघालेले चोवीस इंची दोन वापरलेले मॉनिटर.

"टीव्हीच बरा," नवरा म्हणाला. "भलामोठा. अगदी पॅनेलसारखा."

तिने तक्ता दोनदा वाचला. तिला टीव्हीचं एकच माहीत होतं. नणंदेच्या घरी दुपारची मालिका लागली, की नणंद आधी उठून पडदे ओढायची, नाही तर टीव्हीत नटीच्या तोंडावर खिडकी दिसायची, गजांसकट. पुढच्या खोलीत टीव्ही टांगायला जागा होती ती एकच भिंत, खिडकीच्या बरोबर समोरची. म्हणजे टीव्ही आला, की पडदा आला. आणि पडदा आला, की संपलं.

"मी येऊ दुकानात?" तिने विचारलं.

"तू?" त्याला नवल वाटलं, आणि मग बरंही वाटलं. "ये की. चार डोळे असलेले बरे."

दुकान तळघरात होतं. दहा पायऱ्या उतरून जायचं. खाली इतक्या ट्यूब होत्या, की कुणाची सावलीच पडत नव्हती. भिंतीवर टीव्ही ओळीने टांगलेले, सगळ्यांवर तोच एक पोपट उडत होता. दुकानदार जाडा, हसरा, घामेजलेला.

"रंग बघा साहेब, रंग! पोपट हातात घ्यावासा वाटतो की नाही?"

"यांना पोपट नको, आलेख हवेत," ती म्हणाली. "हा बंद करून जरा वर दारात आणता का?"

"दारात?"

"उजेडात. इथे काय कळणार?"

"बाई, हा टीव्ही आहे, कापड नाही, दारात नेऊन बघायला."

"मी दारात नेल्याशिवाय काहीच घेत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. ट्यूबखाली रंग ठरवलेला दोरा तिने कधी सुईत घातला नव्हता.

नवऱ्याने दुकानदाराकडे असं पाहिलं, की आता काय सांगणार, आमच्याकडे हे असंच असतं. दोघांनी मिळून टीव्ही दहा पायऱ्या वर चढवला आणि दुकानदाराने तो दारात उभा धरला. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत अख्खा रस्ता उतरला. समोरचं औषधाचं दुकान, सायकल, आकाशाचा तुकडा, आणि मधोमध हात कमरेवर ठेवून उभा नवरा.

"दिवसभर हेच बघायचं," ती म्हणाली. "स्वतःचं तोंड आणि मागची खिडकी."

नवरा काचेत स्वतःकडे बघत राहिला. सगळे कोपरे तपासले त्याने. "खरं आहे गं," तो हळूच म्हणाला. "काटा कुठे आणि मी कुठे, कळायचं नाही."

"चालू केल्यावर एवढं दिसत नाही, साहेब! आणि भिंतीचा हुक फुकट देतो. टांगला की टेबल तुमचं मोकळं!"

टेबल मोकळं. तो शब्द तिच्या कानांवरून गेला. नंतर किती वेळा आठवला! पण त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर फक्त पडदा होता.

मग ऑफिसातले दोन मॉनिटर वर आले. त्यांच्या काचेला चमक नव्हती. शाळेच्या पाटीसारखा गढूळ काळा रंग. दारात धरले तरी त्यांत ना औषधाचं दुकान, ना नवरा. तिने बोट फिरवून पाहिलं, तिरक्या मानेने पाहिलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मग म्हणाली, "आता खाली नेऊन चालू करा. नुसता पांढरा पडदा लावा."

पांढरा पडदा लागला. ती डाव्या वरच्या कोपऱ्यातून बघत निघाली, आडव्या ओळीने, कापड तपासतात तसं. तिसऱ्या मिनिटाला थांबली.

"इथे एक टाका सुटलाय."

"कुठे?"

तिने पर्समधली टाचणी काढून टोक दाखवलं. मोहरीच्या दाण्याहून बारीक काळा ठिपका. दुकानदाराने चष्मा काढला, पुसला, घातला. "आयला," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "सहा महिने इथे आहे, मला नाही दिसला! बाई, तुम्ही नोकरी करता का माझ्याकडे?"

त्याने तिसरा काढून दिला. त्यात काही नव्हतं. वर दोनशे रुपये कमी केले. टॅक्सीत दोन खोक्यांच्या मधे बसून घरी येताना नवरा तीनदा म्हणाला, "टाका सुटलाय म्हणे!" आणि तीनदा हसला. ती खिडकीबाहेर बघत होती. तिला आपण एक मोठं काम फत्ते केल्यासारखं वाटत होतं. टीव्ही नाही, चमक नाही, पडदा नाही. खिडकी राहिली. टेबलाचं डावं टोक आपण घेऊ, असा हिशेब तिने मनात मांडलाही होता.

रविवारी त्याने टेबल रिकामं केलं. पत्र्याची पेटी उचलून अगदी सांभाळून सोफ्यावर ठेवली. दोन्ही मॉनिटर त्यांच्या पायांवर शेजारी शेजारी उभे राहिले, खिडकीकडे पाठ करून. तिने मोजपट्टी लावली. दोघांची मिळून रुंदी बेचाळीस इंच, टेबल अठ्ठेचाळीस. त्या उरलेल्या सहा इंचांवर त्याने वही आणि पेन ठेवलं.

टीव्ही असता तर भिंतीवर गेला असता. लहान अक्षरं लांबून दिसत नाहीत, मॉनिटर हाताच्या अंतरावरच लागतात. त्यांना टेबल लागतं. हे तिच्या ध्यानात तेव्हा आलं, मोजपट्टी हातात धरून उभी असताना. मग तिने स्वतःची समजूत घातली, की मॉनिटरच्या वरून उजेड येतोय ना, स्टूल घेऊन बाजूला बसू.

सोमवारी तो सातला तयार झाला. सव्वानऊला बाजार उघडला. ती डावीकडे स्टुलावर शाल घेऊन बसली. दहाला तो डोळे चोळायला लागला. साडेदहाला त्याने कपाळावर हात धरला. अकराला डोळ्यांतून पाणी.

"काय होतंय?"

"समोरून उजेड येतोय गं. स्क्रीनच्या मागून. अक्षरं दिसतात, पण मागे सूर्य ठेवल्यासारखं वाटतं."

ती उठून त्याच्या खुर्चीत बसली. आणि तिला आपली चूक दिसली, एखाद्या शिवणीतला उलटा टाका दिसावा तशी स्वच्छ. तिने काचेवर पडणारा उजेड तपासला होता. आयुष्यभर तिने तेवढंच केलं होतं. कापडावर उजेड पडतो, म्हणून कापड दिसतं. हे कापड नव्हतं. हे स्वतःच उजळत होतं आणि त्याला दुसरा कुठलाच उजेड नको होता, ना समोरून, ना मागून. दारात नेऊन बघायची वस्तूच नव्हती ती.

"थोडे दिवस पडदा लावू," नवरा म्हणाला. "डोळ्यांना सवय होईपर्यंत." आणि मग, "तू शिवशील ना? बाहेर दिलं तर उगाच खर्च."

तिने शिवला. जाड तपकिरी कापड, आतून काळं अस्तर. सुरुवातीला तिला वाटलं होतं, की टाके जरा लांब घालावेत, कडेने उजेड झिरपेल. पण हाताला ते जमेना. सव्वीस वर्षं ज्या हातांनी बारीक घातलं त्यांनी याही वेळी बारीकच घातलं. पडदा टांगला तेव्हा कडेने रेघसुद्धा आली नाही.

"वा!" नवरा म्हणाला. "स्टेशनची कंट्रोल रूम झाली अगदी."

ती स्वयंपाकघरात ट्यूबखाली बसायला लागली. तिथे मांडीवर कापड, ओट्यावर पेटी, आणि दर थोड्या वेळाने उठून भाताकडे बघणं. डोळ्यांना ताण नव्हता. काम होत होतं. बहुतेक वेळा धागा कपड्याच्याच शिवणीतून काढायचा असतो, रंग जुळवायचा प्रश्न येत नाही. पंधरा दिवस असे गेले. पुढच्या खोलीत नवरा ताठ बसलेला असायचा. वहीत वेळा लिहायचा. कधी एखादा शेअर घेऊन विकायचा आणि जेवताना सांगायचा, फार नाही, चार-दोनशे इकडे-तिकडे. त्याचे गाल भरले होते. फ्रिजकडे त्याने महिन्याभरात पाहिलं नव्हतं.

मग तो काळा कोट आला. बाहीवर सिगारेटचं भोक. तो आधी कुणीतरी लहान केलेला होता, आतल्या शिवणीत धागाच उरला नव्हता. तिने पेटीतून काळा दोरा घेतला, ट्यूबखाली कोटावर ठेवून पाहिला, बरोबर जुळला, आणि दोन दिवसांत काम पुरं केलं.

चौथ्या दिवशी लाँड्रीवाला स्वतः जिना चढून आला. कोट हातावर टाकलेला, मान खाली.

"सुईबाई, रागावू नका."

"काय झालं?"

"जरा... बोळात या. इथे दिसायचं नाही."

बोळाच्या टोकाला, जिथून थोडं आकाश दिसायचं, तिथे त्याने बाही वर केली. काळ्या कोटावर गडद निळ्या रंगाचा चिमणीच्या डोळ्याएवढा चौकोन. विणकाम बिनचूक. रंग दुसराच.

तिने त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"गिऱ्हाईक वकील आहे, तोंडाचा जरा हा आहे. मी सांगितलं त्याला, की होतं कधी." लाँड्रीवाल्याने घसा साफ केला. "डोळे दाखवून घ्या एकदा. आमच्या आईचंही असंच सुरू झालं होतं, आधी निळा-काळा कळेना."

"बरं," ती म्हणाली. "ठेवून जा. उसवून पुन्हा करते. पैसे नकोत."

"तसं नाही हो, बाई..."

"ठेवून जा."

चार वाजता नणंद आली तोवर तिला सगळं कळलेलं होतं. गल्लीत बातमीला जिना लागत नाही. "मी म्हणतच होते, वय काय कमी झालं का आता? सोड ना ते. तो मिळवतोय घरबसल्या. तू जरा पाय पसरून बस."

नवरा म्हणाला, "डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेऊ का? शनिवारी नेतो मी, बाजार बंद असतो."

दोघंही प्रेमानेच बोलत होते. तिला वाटलं, एकेक जण येऊन एकेक खिळा ठोकतोय, आणि प्रत्येक जण आधी विचारून घेतोय, दुखत नाही ना.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, अकराच्या सुमाराला, ती पुढच्या खोलीत गेली. दोन्ही स्क्रीनचा निळसर उजेड नवऱ्याच्या चेहऱ्यावर पडला होता. तिच्या हातात दोन दोरे होते, वीत-वीतभर.

"एक मिनिट आहे का?"

"बोल. पण मान वळवत नाही हं."

"वळवा जरा. यातला काळा कोणता?"

त्याने दोरे हातात घेतले. एकतीस वर्षं बावीस डायल वाचलेला माणूस. त्याने ते गंभीरपणे वाचायला घेतले. स्क्रीनसमोर धरले. दिवा लावला. दिव्याखाली धरले. चष्मा कपाळावर चढवला.

"हा... नाही, हा. थांब." त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "अगं, या उजेडात कसं सांगणार कुणी?"

आणि त्याची नजर पडद्याकडे गेली.

तो उठला. खुर्चीमागून वळसा घालून खिडकीशी गेला आणि पडदा सर्रकन बाजूला ओढला. उत्तरेचा थंड उजेड टेबलावर, वहीवर, त्याच्या हातावर आला. त्याने दोरे हातभर लांब धरले. एक काळा होता, एक निळा. लहान मुलालाही कळलं असतं.

"कोट..." तो म्हणाला.

"हो."

"आणि तू बोलली नाहीस."

"काय बोलू?"

स्क्रीनवर काहीतरी लाल होऊन लुकलुकायला लागलं. त्याने खुर्चीपाशी परत येऊन पाहिलं आणि लगेच डोळे बारीक केले, पाणी आलं. त्याने ते बाहीने पुसलं, पुन्हा बघायचा प्रयत्न केला. हात टेबलावरच्या वहीकडे जाऊन परत आला.

"काढून टाकतो सगळं," तो म्हणाला. "दुकानदार अर्धे पैसे तरी देईल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. इस्त्रीचा शर्ट. दाढी केलेली. पाच महिन्यांतला सोफ्यावरचा माणूस तिला आठवला, आणि कॅलेंडरच्या मागचा नऊ दिवसांचा तक्ता. तो खरंच काढून टाकेल, हे तिला माहीत होतं. मग उद्या सातला तयार होऊन कुठे बसेल, तेही माहीत होतं.

"तो लाल कशाला लुकलुकतोय?" तिने विचारलं.

"रेघ ओलांडली त्याने."

"मग बघा ना."

आणि तिने स्वतःच्या हाताने पडदा ओढून घेतला.

त्या आठवड्यात शुक्रवारी, साडेतीनला बाजार बंद झाला तेव्हा, ती स्वयंपाकघरात होती. पुढच्या खोलीतून टेबल सरकल्याचा आवाज आला म्हणून तिने डोकावून पाहिलं. नवऱ्याने दोन्ही मॉनिटर तारांसकट उचलून सोफ्यावर आडवे ठेवले होते, अंगावर जुनी चादर घालून. पडदा उघडा होता. टेबल त्याने ओल्या फडक्याने पुसलं होतं आणि पत्र्याची पेटी उजव्या हाताला ठेवली होती, जिथे असायची तिथे.

"शनिवार-रविवार तुझे," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी मी परत लावतो. अर्धा तास लागतो फक्त."

सव्वीस वर्षांत आठवड्याचे सगळे दिवस तिचे होते. तिने हिशेब केला नाही. "बरं," म्हणाली.

लाँड्रीवाल्याला तिने सांगितलं, की यापुढे रंग जुळवायचं काम फक्त सोमवारी सकाळी मिळेल. "डॉक्टरने सांगितलं का?" त्याने काळजीने विचारलं. "हो," ती म्हणाली; ते सोपं होतं.

बाजाराच्या वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी नवऱ्याने छापून आणली होती. त्याने ती टेबलाच्या खणात टाकली. तिने ती काढून स्वयंपाकघरात, ट्यूबखाली, टाचणीने लावली. आता घरात ती यादी तिलाच पाठ आहे. कुठल्या महिन्यात मधेच एखादा बुधवार मोकळा आहे, कुठे शुक्रवार जोडून तीन दिवस मिळतात. चांगले, अवघड रंगांचे कपडे ती त्या दिवसांसाठी बाजूला काढून ठेवते.

"बायको बाजार बंद व्हायची वाट बघते," नणंद सगळ्यांना हसून सांगते, "आणि नवरा उघडायची. कसं व्हायचं यांचं!"

वकिलाचा कोट तिने पहिल्याच शनिवारी उसवला. काळा धागा उजेडात धरला, निळ्याशेजारी, हातभर अंतरावर. मग सुईत घातला. नवरा तिच्या शेजारी रिकाम्या खुर्चीत बसला होता. त्याला करायला काही नव्हतं. डोळे किलकिले करून तो बराच वेळ खिडकीकडे बघत होता.

"किती उजेड येतो गं इथे," तो म्हणाला.

"येतो," ती म्हणाली, आणि पहिला धागा ओढून घेतला. दुपारपर्यंत तिला बाही संपवायची होती.